किराण्याचा हिशेब आणि घरातलं शेवटचं ताट

(भुसावळ इथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे मला सहसा करिअरवर नाहीतर एआयवर बोलायला बोलावतात. आज मी किराण्यावर बोलणार आहे. मागे बसलेली दोन-चार मुलं हसली, ते दिसलं मला. हसा, हरकत नाही. पण तुमच्यापैकी कुणाची फी भरायची राहिली, कुणाच्या बहिणीचा क्लास बंद झाला, कुणाच्या घरी महिन्याच्या वीस तारखेला उसनवारी सुरू होते, तर त्या सगळ्याचा धागा शेवटी किराण्याच्या यादीपर्यंत जातो. भाडं आणि वीजबिल आपल्या हातात नसतं. किराणा थोडाफार असतो. म्हणून पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथेच लागते. आज मला एवढंच बोलायचं आहे की ही कात्री कुठे लावायची आणि कुठे अजिबात लावायची नाही.

आधी दोन आकडे. केंद्र सरकारचं २०२३-२४ चं कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षण आहे. त्यानुसार देशात ग्रामीण भागात घरखर्चाच्या शंभर रुपयांपैकी सुमारे ४७ रुपये आणि शहरी भागात सुमारे ४० रुपये खाण्यापिण्यावर जातात. ही सरासरी झाली. घर जितकं गरीब, तितका हा वाटा मोठा. आता त्यातला मला महत्त्वाचा वाटलेला भाग सांगतो. खाण्याच्या या खर्चात सगळ्यात मोठा हिस्सा धान्याचा नाही, दुधाचा नाही, मटणाचा तर नाहीच नाही. तो आहे पेयं, तयार खाणं आणि पाकीटबंद पदार्थांचा. ग्रामीण भागात एकूण खर्चाच्या जवळपास १० टक्के, शहरात ११ टक्के. म्हणजे आपण घरी डाळीच्या भावावरून वाद घालतो आणि पैसा मात्र कोपऱ्यावरच्या टपरीवर आणि दहा रुपयांच्या पाकिटात जातो.

काटकसर म्हणजे कुणाचं ताट?

घरात पैसे कमी पडले की काय होतं, ते तुम्ही पाहिलेलं आहे. दूध पातळ होतं. अंडी बंद होतात. डाळीत पाणी वाढतं. आणि दस्तरखानावर आधी अब्बा, भाऊ, पाहुणे, मग मुलं, आणि सगळ्यात शेवटी अम्मी किंवा भाभी बसते. तोपर्यंत पातेल्यात जे उरलं असेल ते तिचं. भाजी संपली असेल तर ठेचा आणि भाकरी. कुणी तिला उपाशी ठेवलेलं नसतं. तीच म्हणते, "मला भूक नाही." आपण सगळे ते खरं मानतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्त कमी आढळलं. पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. हे आकडे कुठल्या एका समाजाचे नाहीत, पूर्ण राज्याचे आहेत. म्हणजे दोनातली एक बाई. या हॉलमध्ये डावीकडे बसलेल्या मुलींनी आपल्या शेजारणीकडे बघा. दोघींपैकी एक.

म्हणून पैसे वाचवण्याच्या कुठल्याही गोष्टीला माझी पहिली अट अशी आहे: बचत ताटातून होता कामा नये, भावातून व्हावी. खाणं तेवढंच राहिलं पाहिजे किंवा सुधारलं पाहिजे, खर्च तेवढा कमी व्हावा. शेवटचं ताट रिकामं ठेवून जे पैसे वाचतात ती बचत नाही. ते घरातल्या एका माणसाच्या अंगावरचं कर्ज आहे, आणि ते दवाखान्यात फेडावं लागतं.

किलोचा भाव नको, कामाचा भाव बघा

आमच्या कामात एक शिस्त असते. दोन गोष्टींची तुलना करायची तर दोन्हींना एकच माप लावायचं. किराण्यात आपण ते करत नाही. मटण ८०० रुपये किलो, उडीद डाळ १२० रुपये किलो, दूध ६० रुपये लिटर. यातलं काय स्वस्त? या आकड्यांवरून काहीच कळत नाही, कारण एक किलो मटण आणि एक लिटर दूध अंगाला सारखं लागत नाही.

म्हणून मी एक माप घेतलं. २० ग्रॅम प्रथिनं कितीला पडतात? प्रथिनंच का, तर गरिबीत धान्याने पोट भरतं, पण पहिला तुटवडा प्रथिनांचा आणि लोहाचा होतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम आणि ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम.

आता मांडू या. मी घेतलेले भाव उदाहरणादाखल आहेत. तुमच्या दुकानातले भाव टाका आणि घरी पुन्हा गणित करा. हाडासकट मटण ८०० रुपये किलो धरलं, तर २० ग्रॅम प्रथिनं साधारण ११० रुपयांना पडतात. पनीर ४०० रुपये किलो, तर ४४ रुपयांना. दूध ६० रुपये लिटर, तर ३७ रुपयांना. चिकन २४० रुपये किलो, तर ३४ रुपयांच्या आसपास. अंडं सात रुपयांना एक, तर २२ रुपयांना. शेंगदाणे १४० रुपये किलो, तर ११ रुपयांना. उडीद डाळ १२० रुपये किलो, तर दहा रुपयांना. हरभऱ्याची डाळ ९० रुपये किलो, तर साडेआठ रुपयांना. सोयाबीन वडी सुटी १२० रुपये किलो, तर पाच रुपयांच्याही आत.

म्हणजे एकच काम ११० रुपयांत होतं आणि दहा रुपयांतही होतं. मी मटण सोडा म्हणत नाही, त्यावर येतोच. पण ज्या घरात महिन्यातून दोनदा मटण येतं आणि रोजच्या वरणात डाळ शोधावी लागते, त्या घराचं गणित कुठे चुकतंय ते या यादीत दिसतं.

आता पाकिटाचं गणित. वेफर्सचं दहा रुपयांचं पाकीट हातात घ्या आणि मागचं वजन वाचा. वीस-पंचवीस ग्रॅम असेल तर तुम्ही बटाटा चारशे-पाचशे रुपये किलोने घेतलात. समजा घरात दोन लहान मुलं आहेत आणि प्रत्येकी रोज दोन पाकिटं खातात. रोजचे चाळीस, महिन्याचे बाराशे रुपये. सात रुपयांचं अंडं धरलं तर बाराशे रुपयांत १७१ अंडी येतात. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाला महिनाभर रोज एक अंडं दिलं तर १५० लागतात. अम्मीलासुद्धा धरून. हे मी एखाद्या पुस्तकातलं सांगत नाही, बाजारात जाऊन कुणीही करून बघावं.

खान्देशाने आधीच शोधून ठेवलेलं

पैसे वाचवण्याच्या नव्या नव्या रेसिपी मोबाईलवर बघायला मिळतात. ओट्स, किनोआ, चिया. आपल्याला त्याची गरज नाही. खान्देश हा कमी पावसाचा, कापसाचा, ज्वारीचा आणि कडधान्यांचा मुलूख. इथल्या बायकांनी कमी पैशांत पूर्ण खाणं कसं करायचं ते कधीच शोधून ठेवलेलं आहे.

कळण्याची भाकरी घ्या. साधारण चार वाटे ज्वारी, एक वाटा सालासकट काळे उडीद, थोडं मीठ, एकत्र दळायचं. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो. उडदात तो भरपूर असतो. उडदात जे कमी असतं ते ज्वारी भरून काढते. दोन्ही एकत्र खाल्लं की शरीराला प्रथिनं जास्त चांगली वापरता येतात. दळणवाल्याला लायसिन माहीत नव्हतं, पण प्रमाण बरोबर होतं.

एका जेवणाचा हिशेब सांगतो. पाच माणसं. ज्वारी ५६० ग्रॅम आणि उडीद १४० ग्रॅम, मिळून साधारण ३८ रुपये. भरिताची वांगी पाऊण किलो, ३० रुपये. आपल्याकडे बामणोदची वांगी आणि पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेलं भरीत हे वैभव आहे. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भरितात मूठभर शेंगदाणे, लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात, तेल, सगळं मिळून २३ रुपये धरा. एकूण ९१ रुपये. माणशी १८ रुपये आणि माणशी बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. दिवसाच्या गरजेचा जवळपास निम्मा भाग एका जेवणात.

दुसरं, फुनके. डाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर घालून मुटके करून वाफवायचे. वर कढी. तेल जवळजवळ नाहीच. तिसरं, डुबुक वडे. बेसन भिजवून उकळत्या रश्श्यात सोडायचं. चौथं, पातोड्यांचा रस्सा. या सगळ्यांत भाजी महाग असो की स्वस्त, काही अडत नाही. शेवभाजी आपल्या सगळ्यांना आवडते, पण शेव म्हणजे तळलेलं बेसन आहे. तेच बेसन घरी पातोडी करून रश्श्यात टाकलं तर खर्च बराच खाली येतो आणि तेलही कमी जातं.

जळगावला डाळमिलचा मोठा धंदा आहे. निवडलेल्या डाळीपेक्षा तुकडा डाळ स्वस्त मिळते. फुनक्यांना, पिठाला, डुबुक वड्यांना ती चालते, शेवटी वाटायचीच आहे. फक्त माणसांची तुकडा डाळ घ्या, म्हशीची चुनी नव्हे.

आणि केळी. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हा केळीचा पट्टा आपल्या दारात आहे. बाहेर पाठवायला जी केळी दिसायला बरी नसतात, डाग असतो, फणी लहान असते, ती इथे स्वस्तात मिळतात. कच्ची केळी उकडून हरभऱ्याच्या डाळीबरोबर वाटली, त्यात आलं-लसूण, गरम मसाला, पुदिना घातला आणि तव्यावर थोड्या तेलात भाजली की शामीसारखे कबाब होतात. केळफूल बागेत कापून टाकतात. कोकणात त्याचीच भाजी करतात. हाताला तेल लावून प्रत्येक फुलातली कडक दांडी आणि पापुद्रा काढायचा, चिरून रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवायचं आणि भिजवलेल्या हरभऱ्याबरोबर शिजवायचं. कष्ट आहेत, पण पैसे जवळजवळ लागत नाहीत. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारा, तो हसेल आणि पोतंभर देईल.

लोहासाठी पोकळा, मेथी, शेवग्याचा पाला, शेंगदाणे-गूळ. महिन्यातून दोनदा मटणाऐवजी कलेजी आणली तर लोह जास्त मिळतं. ताटात लिंबाची फोड ठेवा, तिने भाजीतलं लोह अंगाला चांगलं लागतं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो उलटं करतो. या सल्ल्याला एक पैसा लागत नाही, उलट एक चहा वाचतो.

मटण, इज्जत आणि २०१५

आता आपल्या घरातल्या नाजूक विषयाकडे येतो. आपल्याकडे गोश्त हे फक्त खाणं नाही, ती इज्जत आहे. पाहुणा आला आणि पुढे डाळ ठेवली तर आपल्यालाच खाली बघावंसं वाटतं. ही भावना खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ती महाग झाली आहे, आणि ती का महाग झाली तेही सांगायला हवं.

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने आधीच बंदी होती. १९९५ ला विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळून बैल आणि वळूंचीही त्यात भर पडली. म्हशीवर ती बंदी नाही. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेरून आलेलं मांस जवळ बाळगण्याला गुन्हा ठरवणारी तरतूद रद्द केली. कायद्याबद्दल तुमचं मत काहीही असो, ताटावर झालेला परिणाम सरळ आहे. मटण ज्यांना कधीच परवडलं नाही, त्या मजुराच्या, हमालाच्या, सफाई कामगाराच्या घरात, मुसलमानाच्या तसंच दलिताच्याही, प्रथिनांचा एक स्वस्त रस्ता बंद झाला. त्या जागी काय आलं, याचा विचार ना कायदा करणाऱ्यांनी केला, ना आपण. बऱ्याच घरांत त्या जागी बटाटा आला. पोट भरलं, पण प्रथिनं गेली.

याला उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे. दालचा काय आहे? थोडं गोश्त, भरपूर हरभऱ्याची डाळ, दुधी, चिंच. मोहरममध्ये वाटला जाणारा खिचडा काय आहे? गहू, चार प्रकारच्या डाळी आणि थोडं मांस, घोटून घोटून एकजीव केलेलं. शामी कबाबात निम्मी तर डाळच असते. आपल्या वाडवडिलांनी एक पाव गोश्तात दहा माणसं जेवू घातली आणि कुणालाही ते गरिबाचं जेवण वाटलं नाही.

पाव किलो मटण २०० रुपये, हरभरा डाळ ३०० ग्रॅम २७ रुपये, अर्धा किलो दुधी २० रुपये, चिंच, मसाला, तेल २५ रुपये, अर्धा किलो तांदूळ २५ रुपये. जवळपास ३०० रुपयांत पाच जणांचं पोटभर जेवण आणि माणशी २६-२७ ग्रॅम प्रथिनं. एक किलो मटणाचा बेत याच्या तिप्पट खर्चाचा. पाहुण्यापुढे दालचा-खाना ठेवा, वर तळलेला कांदा आणि पुदिना घाला. तो दुसऱ्यांदा वाढून घेईल.

रमजान, वलीमा आणि इस्राफ

इस्राफ म्हणजे उधळपट्टी, आणि तिला आपल्या दीनमध्ये साफ मनाई आहे. हे आपण सगळे जुम्म्याच्या बयानात ऐकतो. तरीही ज्या महिन्यात आपण दिवसभर जेवत नाही, त्याच महिन्यात किराण्याचं बिल सगळ्यात मोठं येतं. तळलेल्या पदार्थांच्या पाच तऱ्हा, रंगीत सरबत, आणि तरावीहच्या वेळी पोट जड. खजूर, केळी, भिजवलेले हरभरे आणि लिंबू सरबत यांची इफ्तारी स्वस्त आहे आणि दिवसभर उपाशी राहिलेल्या पोटाला मानवतेही. शाबानमध्येच डाळी, बेसन आणि खजुराची यादी करून ठेवा, कारण चांद दिसला की भाव वर जातात.

वलीम्याबद्दल एकच सांगतो. एका दिवसाच्या जेवणासाठी तीन वर्षांचं कर्ज काढणारी घरं आपल्या मोहल्ल्यात आहेत आणि त्या कर्जाचा हप्ता रोजच्या डाळीतून फिटतो. पाचशे माणसांनी बिर्याणी खाल्ली, आणि नवी नवरी वर्षभर पातळ वरण खाते. यात कसली इज्जत?

हदीसमध्ये एक गोष्ट येते, रश्श्यात थोडं पाणी वाढवून शेजाऱ्यालाही पोचवण्याची. मला ती फार आवडते. पण तिथे पाणी शेजाऱ्यासाठी वाढवायचं आहे, शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला नुसतं पाणी यावं म्हणून नव्हे.

भाकरी कोण थापणार?

आतापर्यंत मी जे सांगितलं, कळणा, फुनके, केळफूल, डाळ भिजवणं, वाटणं, या सगळ्याला पैसे कमी लागतात, कारण त्यात वेळ आणि हात जास्त लागतात. ते हात कुणाचे? जर घरातल्या मुलांनी इथून जाऊन फर्मान काढलं की उद्यापासून पाकीट बंद, रोज फुनके करा, तर पैसे तुम्ही वाचवले आणि मजुरी अम्मीने केली असं होईल. पगार न देता मजूर ठेवण्याला बचत म्हणत नाहीत.

म्हणून मुलांनो, तुम्ही शिका. डाळ रात्री भिजत घालणं हे काही बाईचं काम म्हणून ठरलेलं नाही. हरभरा रात्री भिजवला तर कुकरच्या शिट्ट्या कमी लागतात आणि गॅस वाचतो, हे मुलालाही समजतं. तुमच्यातले बरेचजण शिकायला, नोकरीला पुण्याला जाणार. चारजण एका खोलीत राहणार. तिथे अ‍ॅपवरून रोज जेवण मागवणारा आणि आठवड्यातून पाच दिवस खिचडी, अंडाकरी, चपाती करणारा, या दोघांच्या महिनाअखेरच्या खात्यात किती फरक पडतो, ते चार मित्रांना विचारा. कुकर, एक कढई आणि एक तवा एवढ्यात निम्मी फी निघते. मुलींना मी स्वयंपाक शिका असं सांगणार नाही, त्यांना ते सांगणारे खूप आहेत. त्यांना एवढंच सांगतो की गरम भाकरी तव्यावरून उतरेल तेव्हा सगळ्यांबरोबर बसा.

काटकसर ही हक्काची जागा घेऊ शकत नाही

शेवटचा मुद्दा. गरिबांना काटकसर शिकवणं सोपं असतं. सरकारलाही ते आवडतं. म्हणून मी हे भाषण रेसिपीवर संपवणार नाही.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक्क आहे, खैरात नाही. २०२३ पासून ते मोफत आहे. आपल्या राज्यात प्राधान्य यादीसाठी उत्पन्नाची मर्यादा ठरली ती शहरी भागात वर्षाला ५९ हजार आणि ग्रामीण भागात ४४ हजार रुपये. ५९ हजाराला बाराने भागा. महिन्याला पाच हजारही होत नाहीत. पाच माणसांचं घर पाच हजारांत चालतं असं कुणाला वाटतं? ही मर्यादा वाढवण्याची मागणी मुसलमानांची नाही, प्रत्येक गरिबाची आहे, आणि ती आपण सगळ्यांबरोबर केली पाहिजे.

जे यादीत आहेत त्यांचंही धान्य कधी आधारवरच्या नावात एक अक्षर वेगळं म्हणून, कधी ई-केवायसी राहिली म्हणून अडतं. शेख, शैख, शेक. बी, बेगम, बानो. लग्नानंतर कार्डात न चढलेली सून, जन्मल्यावर न चढलेलं बाळ. दर नावामागे महिन्याला पाच किलो जातात. तुम्हाला मोबाईल चालवता येतो, अर्ज भरता येतो. हे काम तुमचं आहे.

शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं द्यायला राज्याने सुरुवात केली. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला आणि द्यायचं असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं असं सांगितलं. निधी परत मिळावा ही मागणी करायचीच. पण तोवर एका वर्गातल्या चाळीस मुलांना आठवड्याला एक अंडं म्हणजे २८० रुपये. आपल्या मोहल्ल्यातली शाळा, उर्दू असो की मराठी, तिच्या व्यवस्थापन समितीत जा आणि विचारा. त्या वर्गात रेहाना असेल, सोनाली असेल, तडवी पाड्यावरून आलेली एखादी मुलगी असेल. अंडं सगळ्यांना सारखंच लागतं.

आता कामाचं बोलतो. तीनच कामं. एक, या महिन्यात घरात खाण्यावर गेलेला प्रत्येक रुपया लिहा, टपरीचा चहा धरून. वही चालेल, मोबाईल चालेल. दोन, त्यातला पाकिटांचा खर्च निम्मा करा आणि वाचलेल्या पैशांतून डाळ, अंडी आणि शेंगदाणे आणा. आणि ते कुणाच्या ताटात गेलं, हेही लिहा. तीन, दोघा-दोघांनी मिळून मोहल्ल्यातल्या पाच घरांची रेशनकार्डं तपासा. नाव कुणाचं नाही, केवायसी कुणाची राहिली, याची यादी करून पुरवठा कार्यालयात घेऊन जा.

पुढच्या महिन्यात आपण पुन्हा भेटू तेव्हा भाषण नको. प्रत्येकाने वही आणायची. आणि मुलांनी वहीबरोबर स्वतः थापलेली एक भाकरी आणायची. वाकडी चालेल.